पूररेषेतला ऊस आणि मोबाईलमधला पाऊस

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याच्या शेडमध्ये पुराचे पाणी शिरले, तर मालकाकडे दाखवायला निदान एक कागद असू शकतो. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी ठरावीक मसुद्याच्या पॉलिसी लागू केल्या. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. आगीबरोबर वादळ, पूर, पाणी साचणे हे धोके त्यात धरलेलेच आहेत. मोठ्यांचे तर बोलायलाच नको; किर्लोस्कर ऑइल इंजिन्स किंवा इंडो काउंट यांच्यासारख्या कंपन्या कोणत्या आपत्तीत किती दिवस उत्पादन थांबेल याचा हिशेब मशीन बसवण्याआधी मांडू शकतात. यातली गंमत अशी की ही वसाहत कागल आणि हातकणंगले तालुक्यांच्या सीमेवरच्या माळावर आहे. तिच्या उत्तरेला पंचगंगा वाहते आणि दक्षिणेला दूधगंगा. वसाहतीच्या कुंपणाबाहेर कुठल्याही बाजूने उतार धरला की ऊस लागतो आणि तो थेट नदीकाठच्या मळीच्या रानापर्यंत जातो. पुराचा धोका माळावरच्या शेडपेक्षा त्या उसाला कितीतरी जास्त, आणि विमा मात्र शेडला.

हा कुणाच्या विसराळूपणाचा परिणाम नाही. महाराष्ट्रात पंतप्रधान पीक विमा योजनेच्या खरिपाच्या यादीत भात, सोयाबीन, भुईमूग, नाचणी, तूर, कापूस अशी पिके आहेत; ऊस नाही. भाताची कथाही शिकण्यासारखी आहे. शेतात पुराचे पाणी साचून झालेले वैयक्तिक नुकसान २०१८ मध्ये भातासाठी योजनेतून काढून टाकले गेले, कारण ज्या पिकाला पाणीच लागते त्याचे पाण्याने किती बिघडले हे ठरवणे कठीण. खरीप २०२६ पासून ते परत घेण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. उसाच्या बाबतीत एवढी ये-जासुद्धा झालेली नाही. राहिली सरकारी मदत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार बागायती पिकाला हेक्टरी १७,००० रुपये, मर्यादा दोन हेक्टर, आणि तीही नुकसान ३३ टक्क्यांच्या वर गेले तर. राज्याने मधल्या काळात ही रक्कम वाढवली आणि पुन्हा खालीही आणली. हेक्टरी ९० टन ऊस आणि टनाला ३,००० रुपये धरले तर दोन लाख सत्तर हजारांचे पीक होते. त्याच्या सहा-सात टक्के ही मदत भरते. बियाणे, खते आणि नांगरटीचा खर्चसुद्धा त्यात निघत नाही.

या पार्श्वभूमीवर ‘हवामान बदलाला तोंड देणारी डिजिटल शेती’ हा शब्दप्रयोग कागलच्या पट्ट्यात कसा वाजतो ते पाहायला हवे. साधनांची वाण नाही. २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे सात-बारावरचे पीक शेतकरी स्वतः मोबाईलवरून नोंदवतो. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. २०१९ पासून तो ‘मेघदूत’ ॲपवर वाचता येतो. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली सहा किलोमीटर चौकटीची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली. पुढच्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर करून ५०० कोटींची तरतूद केली. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने उसात सेन्सर आणि उपग्रहाचा जो प्रयोग केला, त्याचे नाव तर जगभर झाले. प्रत्येक साधन आपापल्या जागी उपयोगी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण यातल्या बहुतेकांचा प्रश्न ‘माझ्या शेतावर पाऊस किती पडेल, माझ्या मातीत ओल किती आहे’ असा आहे. दूधगंगा आणि पंचगंगेच्या काठचा धोका त्या प्रश्नाच्या उत्तरात बसत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याचा उतार डोळ्यांपुढे आणला की हे कळते. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळकडे उतरता उतरता तो त्याच्या आठव्या-दहाव्या हिश्शावर येतो. मधले अंतर शंभर किलोमीटरसुद्धा नाही. म्हणजे कागल मंडळातल्या पर्जन्यमापकात किरकोळ पाऊस नोंदला जात असताना घाटमाथ्यावर पडलेला पाऊस नदीतून येऊन रान बुडवू शकतो. इथला धोका आभाळातून कमी आणि नदीतून जास्त येतो. तो काळम्मावाडी धरणाच्या विसर्गातून येतो, राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांतून येतो, आणि खाली कृष्णा तुंबली की पाण्याच्या फुगीतून उलटा वर चढतो. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही वेळा बंद पडला. अशा वेळी शेतकऱ्याच्या मोबाईलवर ‘तुमच्या गावात मध्यम पावसाची शक्यता’ असा संदेश आला, तर तो खोटा नसतो. फक्त कामाचा नसतो.

नदीचा अंदाज देणारी साधनेही आहेत. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलसंपदा विभागाने प्रवाहाचा अंदाज आणि धरणांचे परिचालन यांची संगणकीय प्रणाली पुण्यात उभी केली आहे. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीच्या अहवालापासून पूर व्यवस्थापनाची चर्चाही पुष्कळ झाली. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद त्यात असा काही शिरला की बाकीचे सगळे मुद्दे त्याच्या फुगीखाली गेले. पण आजच्या विषयापुरते पाहिले तर ती प्रणाली धरणावरच्या अधिकाऱ्यासाठी आहे. दरवाजा कधी आणि किती उघडायचा हे ती सांगू शकते. कसबा सांगावच्या किंवा हुपरीच्या शेतकऱ्याने जुलैमध्ये आडसाली ऊस लावावा की नाही हे सांगणे तिचे काम नाही, आणि ते काम दुसऱ्या कुणाकडेही दिलेले नाही. इशाऱ्याची इथे टंचाई नाहीच. राधानगरीचा दरवाजा उघडल्याची बातमी काही मिनिटांत गावोगावच्या ग्रुपवर असते. किती कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली गेले याची यादी आपत्ती कक्ष रोज काढतो आणि लोक तिच्यावरून नदीची चाल ओळखतात. जनावरे हलवायला आणि मोटारी वर काढायला हा इशारा पुरतो. उभा ऊस मात्र चोवीस तासांत हलवता येत नाही. त्याच्या बाबतीतला निर्णय पुराच्या कितीतरी आधी, लागणीच्या वेळीच झालेला असतो.

खरा विषय इथे सुरू होतो. पुरात उसाचे काय होते हे या भागात कुणाला शिकवायला नको. शेंडा पाण्याखाली राहिला आणि पोंग्यात गाळ बसला की वाढीचा कोंब कुजतो. मग कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा येतात, वजन घटते, उतारा पडतो. शेंडा वर राहिला तर ऊस लोळला तरी बऱ्याच प्रमाणात वाचतो. म्हणजे नुकसान किती होणार हे दोन आकड्यांवर ठरते: त्या रानात पाणी किती उंच चढेल आणि त्या दिवशी ऊस किती उंच असेल. पहिला आकडा जमिनीच्या उंचीतून आणि पूररेषेतून मिळतो, दुसरा लागणीच्या तारखेतून. आता हंगाम तपासा. आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये लागते आणि सोळा-अठरा महिने रानात उभी राहते. तिला दोन पावसाळे काढावे लागतात आणि पहिल्या पावसाळ्यात ती जेमतेम उगवलेली असते. सुरू जानेवारी-फेब्रुवारीत लागते, तिला पावसाळा एकच. पण ऑगस्टमध्ये ती मध्यम उंचीची असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या पूर्वहंगामी लागणीलाही पावसाळा एकच येतो, आणि ऑगस्टमध्ये ऊस नऊ-दहा महिन्यांचा, चांगला उंच झालेला असतो. पूररेषेतल्या रानात आडसाली टाळून पूर्वहंगामी लावावी आणि ते रान गाळपाच्या सुरुवातीलाच तोडावे, हा निष्कर्ष काढायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. जमिनीचा उंचीनकाशा, जलसंपदा विभागाची पूररेषा आणि लागणीची तारीख एकाच तक्त्यात आणावी लागते.

आणि तो तक्ता अर्धा तयार आहे. साखर कारखान्याच्या शेती ऑफिसकडे प्रत्येक सभासदाच्या उसाची नोंद असते. गाव, गट नंबर, क्षेत्र, जात, लागणीची तारीख, लागण की खोडवा, सगळे. चिटबॉय पूर्वी हे वहीत लिहून आणत, आता मोबाईलवर भरतात. साखर आयुक्तालयाने २०२२ मध्ये ‘महा-ऊस नोंदणी’ नावाचे ॲपही काढले. महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्याही पिकाची रानानिहाय आणि तारीखनिहाय एवढी चोख नोंद सापडणार नाही, कारण या नोंदीवर तोडणीचा प्रोग्राम ठरतो आणि प्रोग्रामवर पैसे. कागलच्या आसपास शाहू, बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, हमीदवाड्याचा मंडलिक, बेलेवाडीचा संताजी घोरपडे, हुपरीचा जवाहर असे कारखाने आहेत. राहिलेला अर्धा भाग जलसंपदा विभागाकडे आहे. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांच्या पुराची लाल रेषा. त्या रेषा आज बांधकामाचा परवाना द्यायला किंवा नाकारायला वापरतात. पिकासाठी त्यांचा वापर कुणी करत नाही. ही दोन कार्यालये एकमेकांशी बोलली तर जे साधन तयार होईल, त्याच्यापुढे बरीच बक्षीसपात्र ॲप फिकी पडतील.

इथे उपग्रहाचा मुद्दा हमखास निघतो. पुराचा नकाशा वरून मिळतोच, मग या नोंदी कशाला? मिळतो, पण उसात तो फसवा असतो. पावसाळ्यात ढगांमुळे साध्या छायाचित्राचा उपयोग नाही. रडार लहरी वापरणारा युरोपचा सेंटिनेल-१ ढगांतून पाहू शकतो आणि त्याची माहिती फुकट मिळते. पण त्याच्या लहरी दाट पानांतून सहसा तळापर्यंत पोचत नाहीत. दहा फूट उसात चार फूट पाणी उभे असेल, तर उपग्रहाला बहुधा ऊसच दिसतो. मोकळी रानेच पाण्याखाली दिसतात. बुडालेला ऊस कळतो तो पुढे, पिवळा पडल्यावर. म्हणून ज्या पट्ट्यात ऊस हेच मुख्य पीक, तिथे उपग्रहावरून नुकसान ठरवणाऱ्याने आधी नदीपातळीवरून आणि जमिनीच्या उंचीवरून पाण्याची खोली काढली पाहिजे. ही उणीव प्रचाराच्या पत्रकात सापडत नाही. पंचनाम्याच्या भांडणात सापडते.

साधन चांगले की वाईट, याचे माप मला तरी एकच दिसते: त्याच्या उत्तराला निर्णय आणि पैसा जोडलेला आहे का? नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झाला तेव्हा त्यात मराठवाडा, विदर्भ आणि जळगावच्या १५ जिल्ह्यांतली पाच हजारांवर गावे होती, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यासह. आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार केली. ताळेबंदात तूट दिसली तर शेततळे, ठिबक, विहीर यांचे नियोजन त्याच्या आधाराने करायचे आणि अनुदान त्याच प्रकल्पातून. कामात त्रुटी राहिल्या असतील, पण रचना बरोबर होती. हिशेब आणि तिजोरी एका जागी होती. कोल्हापूर त्या प्रकल्पात नव्हते, कारण इथला प्रश्न पाण्याच्या तुटवड्याचा मानला गेला नाही. जास्तीच्या पाण्यासाठी मात्र शेताच्या पातळीवर तशी योजना माझ्या पाहण्यात नाही. हवामान बदलाची शेती म्हणजे कोरडवाहू शेती, असा एक समज आपल्या धोरणात घट्ट बसला आहे, आणि बागायतदाराला मदत मागताना ओशाळल्यासारखे होते ते त्यामुळेच.

या मांडणीवर आक्षेप घेतले जातील आणि ते हलके नाहीत. पहिला कारखान्यांबद्दलचा. कागल हे राजकारणाचे विद्यापीठ म्हणून ओळखले जाते आणि कारखाना हे त्या राजकारणाचे ठाणे. कुणाचा ऊस आधी तोडायचा हा अधिकार आधीच अध्यक्ष आणि संचालकांच्या हातात. त्यात ‘पूररेषेतला ऊस आधी’ ही नवी सबब दिली तर विरोधी गटाचे रान कायम रेषेबाहेर राहील, अशी भीती आहे. ती खरी आहे. पण आजची स्थिती याहून बरी नाही. महापुरानंतर बुडीत ऊस प्राधान्याने तोडा, असे आदेश निघतात, आणि बुडीत कोणता हे गट ऑफिसात तोंडी ठरते. नकाशा जाहीर असेल, गट नंबरानुसार यादी ग्रामपंचायतीत लागलेली असेल, तर निदान भांडायला कागद हाती येतो. माहिती कारखान्याकडे बंद राहिली तर ती सत्ता वाढवते. यादी भिंतीवर लागली तर सत्तेला थोडा तरी चाप बसतो. त्यामुळे यादी जाहीर करणे ही अट या योजनेत शेवटी घालण्याची नाही, सर्वात आधी घालण्याची आहे.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याच्या बाजूचा. आडसालीला टनेज जास्त मिळते आणि आधी नोंद म्हणजे आधी तोड, त्यामुळे लोक आडसाली लावतात. दर वर्षी काही महापूर येत नाही. गणित बरोबर आहे. २००५ नंतर तसा पूर २०१९ मध्ये आला, चौदा वर्षांनी. त्या चौदा वर्षांत आडसाली लावणारा फायद्यातच राहिला. पण पुढचा महापूर दोनच वर्षांत, २०२१ मध्ये आला, आणि दोन पुरांमधले अंतर मोजून धोरण ठरवण्याची सोय तिथे संपली. तरी ज्याने त्याने तोटा सोसून सुरक्षित लागण करावी, ही अपेक्षा अन्यायाचीच. लागणीचे धोरण कारखाना ठरवतो. तोडीची पाळी तारखेवर बांधलेली आहे म्हणून आडसाली फोफावते. निळ्या रेषेतल्या पूर्वहंगामी उसाला पहिल्या पंधरवड्यातली तोड लेखी मिळाली, तर टनेजची घट बऱ्याच अंशी भरून निघेल. लवकर रान मोकळे झाले की खोडवा किंवा हरभरा लवकर धरता येतो, हा हिशेब शेतकरी स्वतः करतो. त्याला शिकवावा लागत नाही.

तिसरा आक्षेप ऐकायला सर्वात शहाणा वाटतो: नदीच्या पात्राला लागून ऊस लावायचाच कशाला? नदीची जागा नदीला द्या. पर्यावरणाच्या दृष्टीने यात तथ्य आहे, पण बोलणारा सहसा हे विसरतो की मळीचे रान हे या भागातले सर्वात कसदार रान आहे आणि ते धारण करणारा सगळाच बडा बागायतदार नसतो. वाटण्या होऊन अर्ध्या एकरावर आलेली घरे तिथे आहेत, आणि त्यांतला एखादा पोरगा वसाहतीत पाळीवर जातो म्हणून चूल चालते. फाळ्याने किंवा वाट्याने रान कसणाऱ्याचे तर सात-बारावर नावच नसते. एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो जमिनीच्या मालकीला जोडलेला आहे. डिजिटल व्यवस्था जितकी नेटकी होते तितका हा कसणारा तिच्यातून नेटकेपणाने वगळला जातो. कारखान्याच्या नोंदीत मात्र ऊस पिकवणारा म्हणून तो दिसू शकतो. म्हणूनही ती नोंद मोलाची.

विम्याचे काय, हा प्रश्न उरतो. पूर किती आला हे पाहणी करून ठरवण्याऐवजी नदीच्या पातळीवर भरपाई बांधता येते. पातळी अमुक फुटांवर गेली की त्या रेषेतल्या नोंदलेल्या उसाला ठरलेली रक्कम, पंचनामा नाही. ही कल्पना स्वप्नातली नाही. राज्यातच फळबागांसाठी हवामान आधारित विमा चालतो, त्यात पावसाच्या किंवा तापमानाच्या आकड्यावर भरपाई ठरते. बांगलादेशात जुलै २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जमुनेच्या पुराचा अंदाज आल्याबरोबर, पाणी चढण्याआधी, निधी मोकळा केला आणि लोकांच्या हातात पैसे पोचवले. विमा कंपन्या म्हणतील की ज्या रानात वीस वर्षांत तीन महापूर आले तिथला हप्ता परवडणार नाही. खरे आहे, निळ्या रेषेतल्या आडसालीचा हप्ता परवडणार नाहीच. पूर्वहंगामीचा कदाचित परवडेल, कारण तिचा धोका निम्म्या पावसाळ्यांचा आणि उंच उसाचा. म्हणजे विमासुद्धा लागणीच्या शिस्तीनंतरच येतो. शेडला विमा मिळतो तो शेडची उंची, बांधकाम आणि नोंदणी कागदावर असते म्हणून. उसाचा तेवढा कागद आधी तयार करावा लागेल, आणि टनामागे दोन-चार रुपये कपातीतून हप्त्याचा वाटा उचलायचा की नाही हे सभासदांनी ठरवावे लागेल. कपातींना ऊसकरी आधीच वैतागलेला आहे. ही कपात त्याला पटवायची असेल तर मागच्या कपातींचा हिशेबही द्यावा लागेल.

कारखान्याच्या सभासदांना एकच विनंती आहे. वार्षिक सभेची वाट न पाहता शेती ऑफिसला लेखी पत्र द्या आणि दोन गोष्टी मागा: आपल्या गावातले निळ्या रेषेतले गट नंबर, आणि त्या गटांत या घडीला आडसाली किती एकर उभी आहे. पूररेषेचे नकाशे जलसंपदा विभागाकडे आहेत, नोंद कारखान्याकडे आहे, आणि सभासद म्हणून हा आकडा विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.